सोलापूरहून मिंगुले: समुद्राच्या कड्यांवर ग्रुप न्यायचा असेल तर आधी विहिरीत उतरा

सह्याद्रीत आपण खालनं वर चढतो, नाही जमलं की रोपवर खाली येतो आणि गाडीपाशी चहा पितो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला मिंगुले आणि पॅबे ही बेटं आहेत, तिथं सगळं उलटं असतंय. माथ्यावरनं आधी रॅपल करत खाली जायचं, पायाखाली थेट अटलांटिक, आणि तिथनं चढत वर यायचं. अडकलात तर खाली परतायला जागाच नाही. म्हणून ग्रुप ठरला की पहिली तयारी रोपवरनं वर यायची करा, चढाई नंतर.

ही प्रॅक्टिस सोलापुरात मस्त होते, फक्त विहीर पाहिजे. शेतातली जुनी, दगडानं बांधलेली, सहा-सात परस खोल, तळाला पाणी असलेली. मालकाला विचारा, दोन वेगळे अँकर, म्हणजे रोप बांधायचे पक्के आधार, घ्या (आम्ही एक लिंबाच्या बुंध्याला घेतो, दुसरा गिअरमध्ये टाकून, चावी काढून उभ्या केलेल्या ट्रॅक्टरला), काठावर रोप घासतो तिथं जुनी सोलापुरी चादर चौघडी घाला, आणि उतरणाऱ्याला दुसऱ्या रोपवर वरनं बिले (पडला तर धरणारा माणूस) ठेवाच. पाण्याच्या हातभर वर थांबायचं, रोपवर दोन प्रुसिक (वजन पडलं की रोप घट्ट धरणाऱ्या दोरीच्या गाठी) बांधायचे, एक कमरेला एक पायाला, आणि वर यायचं. आमच्यातला सगळ्यात ताकदीचा गडी पहिल्या दिवशी तिथंच चाळीस मिनिटं लोंबकळत होता, कारण पायाची स्लिंग, म्हणजे पाय अडकवायचा पट्टा, लांब झाली होती, दर वेळी जोर लावून उभा राहिला तरी वीतभरच वर सरकायचा. स्लिंगला गाठ मारून आखूड केली तसा दहा मिनिटात काठावर. ज्याला हे जमत नाही त्याला बेटावर नेऊ नका, चढाईत कितीही भारी असू दे, मी तर स्पष्ट नाही म्हणतो.

बेटावर रॅपलचा रोप साधारण १०० मीटरचा स्टॅटिक (न ताणणारा) घ्या, आणि सगळे वर येईपर्यंत तो काढायचा नाही, तोच तुमचा सुटकेचा रस्ता. शेवटाला गाठ मारा. खालचं टोक समुद्रात सोडू नका, लाट ते कपारीत नेऊन अडकवते, उरलेला रोप पिशवीत भरून कमरेला लटकवा. कातळ नाइस जातीचा, युरोपातल्या सगळ्यात जुन्या खडकांपैकी, पकडायला झकास, पण पाण्यालगतचा काळा पट्टा शेवाळानं बुळबुळीत असतो. बेस पॉइंट, म्हणजे चढाई सुरू करायची जागा, तिथं न ठेवता त्याच्या वरच्या कोरड्या कातळावर ठेवा.

आता भरती-ओहोटी. आपण पठारावरची माणसं, पण पंचांगाच्या गावची, त्यामुळं हे डोक्यात पटकन बसतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग (पाणी कमी चढतं-उतरतं ते), एक-दोन दिवस पुढं. उधाणाला पाणी तीन मीटरपेक्षा जास्त चढतं-उतरतं, आपल्या हिशोबानं दोन परस. तारखा भांगाच्या धरा, रोजच्या वेळा मात्र कॅसलबे या जवळच्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरनंच घ्या, आणि उतरायच्या आधी माथ्यावर वीस मिनिटं बसून नुसतं पाणी बघा. कुठल्यातरी एका लाटेनं तुमचा बेस भिजवला तर त्या दिवशी तो कडा सोडून द्या.

मे अखेर ते जून बरा, उजेड रात्री दहाच्या पुढंपर्यंत असतो. पण तेव्हाच पक्ष्यांची घरटी असतात, पफिन, गिलेमॉट, फुल्मर. घरटी मोडणं तिथं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी ती चढाईची लाइन सोडावी, त्यांचं घर आहे ते. फुल्मर तर जवळ गेलं की वासाचं तेल तोंडावर ओकतो.

प्रवास: सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई, विमानानं ग्लासगो, ट्रेननं ओबन, तिथनं बॅरा बेटावरच्या कॅसलबेला फेरी, पुढं छोटी बोट ठरवायची. व्हिसाला तीन महिने आधी अर्ज करता येतो, तेव्हाच करा. मिंगुलेवर १९१२ पासून कायमची वस्ती नाही, दुकान नाही, मोबाइलवर भरवसा नाही. व्हीएचएफ रेडिओ घ्या, चॅनेल १६ वर कोस्टगार्ड ऐकतं. ग्रुप सम संख्येत ठेवा, जोडीदाराशिवाय कुणी उरत नाही.

जेवणात आपण पुढं आहोत. कडक भाकरी आणि शेंगा चटणी, दोन्ही आठवडाभर टिकतात, चूल पेटवावी लागत नाही. चटणी मात्र दोन पिशव्यांत घट्ट बांधा, आमची एक फुटून अख्खी स्लीपिंग बॅग तेलकट झाली होती. तूप, पेढे, मटण ब्रिटनमध्ये नेता येत नाही. गॅसचं सिलिंडर विमानात चालत नाही, ते ओबनला घ्या. ठरलेल्या दिवसांपेक्षा तीन दिवसांचं जास्त अन्न ठेवा, कारण लाटा मोठ्या असल्या की बोट धक्क्याशिवायच्या त्या किनाऱ्याला लागतच नाही, आणि मग तुम्ही कितीही फोन करायचा प्रयत्न केला तरी थांबायचंच असतं.

कॅसलबेला परतलात की झोपायच्या आधी कॅराबिनर (रोप अडकवायच्या कड्या), फ्रेंड्स (कपारीत बसवायची स्प्रिंगची साधनं) आणि रोप गोड्या पाण्यात दोनदा बुचकळून सावलीत वाळवा, खारट पाणी स्प्रिंगमध्ये राहिलं तर गेट सोलापूरला पोचेपर्यंत अडकायला लागतं.