आत्मिक थकवा आला की या चुका टाळा

प्रार्थनेला बसलं की शब्द सुचत नाहीत. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडं असतं, डोळे ओळींवरून फिरतात आणि अध्याय संपल्यावर काय वाचलं ते आठवत नाही. रविवारी उपासनेत ओठ हलतात, मन कोरडंच राहतं. अशा वेळी बहुतेक विश्वासणारे एकच निदान करतात, "माझा विश्वास कमी पडतोय", आणि लगेच जोर लावायला लागतात. पण कोरडेपणाची कारणं वेगवेगळी असतात आणि कारण न पाहता लावलेला जोर माणसाला आणखी थकवतो.

थकव्याला पाप समजणं

१ राजे, १९ वा अध्याय सावकाश वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या एका धमकीने जीव घेऊन पळतो. बैर-शेब्यात आपल्या चाकराला मागे ठेवतो, एक दिवसाची वाट रानात चालतो आणि एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्याला काय दिलं? निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाणी आणि झोप. तो खाऊन पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावलं, कारण पुढची वाट त्याच्या आवाक्याबाहेरची होती. बोध नाही, झाडाझडती नाही. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न आला तो चाळीस दिवसांनी, होरेब डोंगराला पोचल्यावर.

म्हणून आधी एक आठवडा रात्री सात-आठ तास झोप, वेळेवर जेवण आणि झोपायच्या खोलीबाहेर मोबाइल. एवढं करून पाहा, मग स्वतःच्या विश्वासाबद्दल मत बनवा. उदासी, कशातच रस नसणं, झोप-भूक बिघडणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांकडे जा. कमी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचा त्रासही माणसाला असाच थकवून टाकतो. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरच्या कोणाला तरी सांगा किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे. एलीयाची भाकरही देवाकडूनच आली होती.

थकवा नसून खरंच पाप आड येत असेल तर ते कसं ओळखायचं? स्तोत्र ३२ मध्ये दावीद सांगतो की गप्प राहिल्याने त्याची हाडं झिजली. पवित्र आत्मा दोष दाखवतो तो नेमका असतो: अमुक भावाशी अबोला, अमुक व्यवहारातलं खोटं. तसं काही असेल तर नाव घेऊन कबूल करा, फोन करा, पैसे परत द्या. "मी वाईटच आहे" ही मोघम बोच मात्र बहुधा थकव्याची असते, आणि तिच्यावर कितीही पश्चात्ताप केला तरी ती हटत नाही.

मोठा नवस करून बसणं

"उद्यापासून पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थना." तिसऱ्या दिवशी हे मोडतं, मग कोरडेपणावर अपराधीपणाचा थर चढतो. वर्षभरात पूर्ण शास्त्र वाचण्याच्या योजनेतही असंच अडकायला होतं. १,१८९ अध्याय म्हणजे दिवसाला तीन-चार. वीस दिवस बुडाले की सुमारे ६५ अध्यायांची थकबाकी होते आणि ती पाहूनच पुस्तक मिटतं. ती भरून काढू नका. सरळ आजच्या तारखेवर या.

अशक्तपणात दहा मिनिटं पुरे आहेत. जागा आणि वेळ मात्र रोज तीच ठेवा. स्तोत्र १३ घ्या, सहाच वचनं आहेत. दोनदा मोठ्याने वाचा, कारण मनातल्या मनात वाचताना लक्ष निसटतं, आवाज त्याला धरून ठेवतो. जे वचन टोचेल तिथे थांबा. तेच आपल्या शब्दांत देवाला सांगा, दोन मिनिटं गप्प बसा आणि वहीत एक ओळ लिहा. चौदा दिवस यात काही वाढवू नका, उत्साह आला तरी. त्यानंतर स्तोत्र ४२ आणि ४३ सलग वाचा. दोन्हींत मिळून तीन वेळा स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास? तीन वेळा विचारावं लागलं, एकदा विचारून भागलं नाही.

देवासमोर शहाण्यासारखं बोलणं

मनात राग असतो आणि तोंडी "हे दयाळू, कृपाळू स्वर्गीय पित्या" सुरू असतं. स्तोत्र १३ च्या पहिल्या दोनच वचनांत "कुठवर?" हा प्रश्न चारदा येतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड येत नाही, तरी ते उपासनेच्या पुस्तकात आहे. तेव्हा घरात बोलतो त्या भाषेत बोला: "प्रभू, मला आज काहीच वाटत नाही. तुझ्याकडे यावंसंही वाटत नाही. तरी बसलोय." ही पुरी प्रार्थना आहे.

एकट्याने झुंजणं

"मी एकटाच उरलो," असं एलीया दोनदा म्हणाला. देवाने त्याला आपल्याशी एकनिष्ठ राहिलेल्या सात हजारांचा आकडा सांगितला आणि सोबतीला अलीशाही दिला. भर प्रार्थनासभेत सगळं सांगायची गरज नाही. तिथून गोष्ट फिरत जाते. एकच विश्वासू माणूस निवडा आणि नेमकं मागा: "सल्ला नको. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं माझ्याबरोबर प्रार्थना करशील का?" मुदत सांगितली की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं.

संडे स्कूल, गायनमंडळ आणि तरुण संघ तिन्ही अंगावर असतील तर पाळकांना सांगून त्याच सहा आठवड्यांसाठी एक काम खाली ठेवा. सगळंच सोडू नका. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन तर अजिबात सोडू नका.

भावना मोजत राहणं

परमेश्वराची वाट पाहणारे नवी शक्ती मिळवतील, असं सांगणारं यशया ४०:३१ आपण गरुडाच्या पंखांसाठी पाठ करतो. पण त्या वचनातला क्रम पाहा: उडणं, मग धावणं, शेवटी चालणं. तिथल्या "नवी शक्ती" मागचं इब्री (हिब्रू) क्रियापद अदलाबदलीचं आहे, म्हणजे आपली संपलेली शक्ती देऊन त्याची घेणं. म्हणून आपली उरलीसुरली ताकद ताणत राहून ती मिळत नाही. आणि ती आल्याची खूण अंगावर काटा येणं हीच असेल असंही नाही. होरेबला परमेश्वर वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत नव्हता. नंतर मंद वाणी आली. दर रविवारी संध्याकाळी वहीतल्या सात ओळी वाचा. एखाद्यावर ओरडायचं टळलं, कुणासाठी तरी आपसूक प्रार्थना निघाली, चौथ्या दिवशीही दहा मिनिटं बसायला झालं, अशा ओळींखाली रेघ मारा. पहिल्या आठवड्यात एकच रेघ पडेल, कदाचित एकही नाही. वही बंद करू नका.