कानाने गेम खेळताय? मग या चुका टाळा

सलग तीन संध्याकाळ मी एकाच प्रतिस्पर्ध्याकडून मार खात होतो. त्या फायटिंग गेममध्ये वार अडवायचा तर समोरच्याच्या विरुद्ध दिशेला स्टिक दाबून धरायची असते. मी तेच करत होतो. पावलं उजवीकडून आली की डावीकडे दाबायचो, तरी प्रत्येक वार अंगावर यायचा. चौथ्या दिवशी हेडफोन काढताना वायर बोटांना लागली, ती उजव्या कानापाशी. माझ्या हेडफोनची वायर डाव्या बाजूने निघते. म्हणजे तीन दिवस मी तो उलटा घालून खेळत होतो.

माझ्या ओळखीतल्या कितीतरी अंध मित्रमैत्रिणींनी मोठे, नेहमीचे गेम एकदा करून पाहिले आणि ‘आपले कान तेवढे तयार नाहीत’ म्हणून सोडून दिले. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा बिघाड कानात नसतो. गेममधून निघालेला आवाज कानापर्यंत येतो, त्या वाटेत काहीतरी अडकलेलं असतं. डोळस खेळाडूला ते जाणवत नाही, त्याचं काम पडद्यावर भागतं. आपला पडदा म्हणजे तो आवाजच. म्हणून हरायला लागलात की आधी ती वाट तपासा.

ब्लूटूथवर भरवसा ठेवणं

गेम साधारणपणे सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र जेमतेम १७ मिलिसेकंद टिकतं. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज सहज १५० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. हिशेब करा, वार निघाल्याचा आवाज तुमच्या कानात येईपर्यंत गेम नऊ ते बारा चित्रं पुढे गेलेला असतो. कितीही सराव केला तरी ही तूट भरून निघत नाही. वायरचा साधा हेडफोन घ्या, स्वस्तातला असला तरी चालेल.

ब्लूटूथची दुसरी खोड जास्त फसवी आहे. मित्रांशी बोलायला हेडफोनचा माइक सुरू केला की गेमचा आवाज अचानक फोनवरच्या बोलण्यासारखा होतो आणि डावं-उजवं नाहीसं होतं. नेहमीच्या ब्लूटूथला चांगला स्टिरिओ आणि माइक एकाच वेळी पेलत नाही, त्यामुळे तो कॉलच्या पद्धतीवर जातो. गप्पा सुरू झाल्या की आपण हरायला लागतो, हे लक्षात आलं असेल तर कारण बहुधा हेच आहे. माइक वेगळा घ्या, किंवा गप्पा सरळ फोनवर मारा.

आवाज ‘सुधारायला’ जाणं

पहिली शंका मोनोची घ्यायची. फोन, संगणक आणि कन्सोल, सगळीकडे दोन्ही कानांत सारखाच आवाज देणारं सेटिंग असतं आणि ते बऱ्याचदा स्क्रीन रीडरच्याच (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सोयीच्या) आसपास सापडतं. चाचपडताना ते कधी चालू झालं, कळतही नाही. डावं-उजवं ओळखायला लावणारी स्टिरिओची एखादी फाइल जवळ ठेवा आणि खेळायला बसण्याआधी दहा सेकंद ऐका. हेडफोन उलटा घातला असेल तर तेही तिथेच उघडं पडतं.

मग येतात आवाज ‘समान’ करणारी सेटिंग्ज. नाइट मोड किंवा लाउडनेस इक्वलायझेशन अशा नावांची. ती बारीक आवाज मोठा करतात आणि मोठा आवाज दाबतात. रात्री सिनेमा बघायला सोयीचं आहे, पण गेममध्ये अंतर आपल्याला आवाजाच्या चढ-उतारावरूनच कळतं. लांबच्या खोलीतली पावलं आणि पाठीशी आलेली पावलं सारख्याच जोराने वाजू लागली तर पळायचं की थांबायचं, हे ठरवणार कसं? बंद करा.

सगळ्यात जास्त घोळ दुहेरी थ्रीडी आवाजाचा होतो. एखादा आवाज उजवीकडून आला तर तो डाव्या कानात थोडा उशिरा पोचतो. हा फरक फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद, पण मेंदू तेवढ्यावर दिशा ठरवतो. शिवाय कानाच्या पाळीचा आकार समोरचा, मागचा, वरचा आवाज थोडा थोडा बदलून आत सोडतो. थ्रीडी आवाज देणारे गेम हाच परिणाम हिशेबाने तयार करतात. त्यावर तुम्ही संगणकातलं विंडोज सोनिक किंवा डॉल्बी अ‍ॅटमॉस हेडफोनसाठी चालू ठेवलं, तर एकदा प्रक्रिया झालेल्या आवाजावर तीच प्रक्रिया पुन्हा होते. मग सगळं हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू येतं आणि दिशा विरघळून जाते. गेमचं ठेवा किंवा सिस्टिमचं, दोन्ही मिळून नको. आणि हेडफोनसाठी बनवलेला थ्रीडी आवाज स्पीकरवर ऐकू नका, तिथे दोन्ही कानांना दोन्ही बाजू ऐकू येतात.

जागच्या जागी उभं राहून ऐकणं

सगळं नीट असलं तरी समोरचा आणि मागचा आवाज यांत गल्लत होतेच, ती खऱ्या आयुष्यातही होते. पण तिथे आपण नकळत मान किंचित वळवतो. गेममध्ये मान म्हणजे कॅमेरा, आणि नवीन खेळाडू नेमका तोच हलवत नाही. उजवी स्टिक उजवीकडे थोडीशी ढकला. आवाज डाव्या कानाकडे सरकला तर तो समोरून येत होता. उजव्या कानाकडे सरकला तर माणूस तुमच्या पाठीशी आहे. ही एक सवय लागली आणि माझं खेळणं बदललं. आधी आठवडाभर दुसरं काही न करता एखाद्या शांत जागी उभं राहून, वाहत्या पाण्याचा किंवा वाजत्या रेडिओचा आवाज धरून, फक्त एवढंच करा.

पहिल्याच दिवशी सगळे संकेत चालू करणं

१९ जून २०२० रोजी ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा गेम आला, तेव्हा त्यात ६०हून जास्त सुलभता सेटिंग्ज होती. ब्रँडन कोल या अंध खेळाडूने त्या कामात सल्लागार म्हणून भाग घेतला होता. त्यात दृष्टीसाठी एक तयार संच आहे. तो निवडला की मजकूर वाचून दाखवणं, दिशा दाखवणं, वस्तूंचे संकेत असं बरंच काही एका झटक्यात सुरू होतं. इथपर्यंत उत्तम. चूक पुढे होते. माणूस तडक गोष्टीत शिरतो आणि पाचव्या मिनिटाला टिंग, टक्, घुम्म यांच्या गर्दीत भांबावतो. वाकायचं असताना उडी मारतो, आणि दोष गेमला देतो.

त्याच मेनूत प्रत्येक संकेत वाजवून त्याचा अर्थ सांगणारी यादी आहे. तिच्यापाशी अर्धा तास बसा. तेवढा वेळ काढायला कुणाला नको वाटतं, पण पुढचे तीस तास त्याच अर्ध्या तासावर उभे असतात. मी पहिल्या दिवशी दोनच गोष्टी धरल्या होत्या. एल थ्री (म्हणजे डावी स्टिक आत) दाबलं की पात्र पुढच्या वाटेकडे तोंड करतं, आणि आर वन (उजव्या खांद्यावरचं वरचं बटण) धरलं की कान देऊन ऐकतं. त्या हाताला बसल्यावर पुढचं घेतलं. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्येही (२०२३) प्रतिस्पर्ध्याचं अंतर, वार वरचा की खालचा, अशा गोष्टींसाठी खास आवाज आहेत. तिथेही आधी अंतराचा एकच आवाज चालू करा.

त्याच वर्षीच्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये अंध चालकांसाठी वळणाचे, वेग कमी करण्याचे, रस्त्याच्या कडेचे संकेत आहेत. तिथली हमखास चूक म्हणजे सगळ्यात वेगवान गाडी निवडणं. हळू गाडी घ्या, एकच ट्रॅक धरा आणि तो पाठ होईपर्यंत दुसरा उघडू नका.

एक बारीक गोष्ट: संगीत शून्यावर नेऊ नका, कमी करा. झुंज सुरू झाली किंवा संपली, ही खूण बऱ्याच गेममध्ये संगीतातूनच मिळते.

स्क्रीन रीडर आणि गेम यांची झटापट

संगणकावर कीबोर्डने खेळताना काही कळा एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर स्वतःकडेच ठेवतो आणि पात्र ढिम्म हलत नाही. गेमला स्क्रीन रीडरची गरज नसेल तर एनव्हीडीएची कळ (बहुधा इन्सर्ट), शिफ्ट आणि एस दाबून त्या खिडकीपुरतं त्याला झोपवा (लॅपटॉप मांडणीत एसऐवजी झेड). गेमच्या आवाजाची पातळी मध्येच खाली-वर होत असेल तर एनव्हीडीएची कळ, शिफ्ट आणि डी दाबून बघा. बोलताना बाकीचा आवाज दाबण्याची सोय चुकून चालू झालेली असू शकते.

न बोलणाऱ्या मेनूसाठी एनव्हीडीएची कळ आणि आर दाबून पडद्यावरचा मजकूर ओळखून घेता येतो. तो चालत नसेल तर पडदा काळा करणारं सेटिंग, म्हणजे स्क्रीन कर्टन, चालू नाही ना ते बघा. पडदा झाकलेला असताना वाचणार काय? गेम पूर्ण पडद्याऐवजी खिडकीत चालवलात तर काम आणखी सोपं होतं.

मेनू मोजून पाठ करणाऱ्यांनी आधी एक तपासावं: शेवटच्या ओळीवर पुन्हा खाली दाबलं तर कर्सर थांबतो की वर परत येतो? थांबत असेल तर दहा वेळा वर दाबा, तुम्ही पहिल्या ओळीवर आहात, तिथून मोजा. फिरून येत असेल तर मोजणी कुठून सुरू करायची, याची एखादी आवाजाची खूण शोधावी लागेल.

मॉड लावला आणि विसरून गेलो

‘हार्थस्टोन अ‍ॅक्सेस’, ‘से द स्पायर’, ‘स्टारड्यू अ‍ॅक्सेस’ अशा मॉडमुळे, म्हणजे गेमला बाहेरून जोडलेल्या बदलांमुळे, मूळचे मुके गेम बोलायला लागले. हे मॉड खेळाडूंच्या समाजातूनच तयार झाले, त्याबद्दल मनापासून आभार. पण गेमचं नवं अपडेट आलं की जुना मॉड गप्प होऊ शकतो, आणि आपण स्क्रीन रीडर काढून पुन्हा टाकत बसतो. शक्य तिथे गेमचं आपोआप अपडेट होणं बंद ठेवा. नवा मॉड आल्याची खात्री झाली की मगच दोन्ही एकदम करा.

शेजारी बसलेल्याने बोलत राहणं

हे घरातल्या डोळस मंडळींसाठी. ‘डावीकडे, डावीकडे, अरे डावीकडे!’ हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. ते प्रेमानेच म्हटलेलं असतं. पण ते म्हणेपर्यंत मला हवा असलेला आवाज त्याच्याखाली गाडला जातो. त्याहून दुखतं ते हातातून कंट्रोलर काढून घेणं. तो अवघड भाग तुम्ही पार केलात, मी नाही. मदत हवीच असेल तर एक्सबॉक्सवर कंट्रोलर असिस्ट (आधीचं नाव कोपायलट) आणि पीएस ५वर सहायक कंट्रोलर आहे. दोघांचे कंट्रोलर एकच होऊन चालतात. कुणी काय सांभाळायचं, ते आधी ठरवून घ्या.

माझ्या धाकट्या बहिणीशी आमचं असं ठरलंय की गेम चालू असताना ती फक्त भिंतीवरच्या पाट्या आणि चिठ्ठ्या वाचते, कारण त्या आवाजात येत नाहीत. बाकी सगळं थांबवल्यावर. परवा एका पडक्या इमारतीत ती कुजबुजली, ‘समोर रिकामं आहे, जा.’ मी आधी कॅमेरा थोडा उजवीकडे वळवला. पावलं उजव्या कानाकडे सरकली. पडद्याला पाठ नसते, त्यामुळे तिला ते दिसणं शक्यच नव्हतं. ‘मागे आहे कुणीतरी,’ मी म्हटलं, आणि तिने पाय वर घेतले.