मूत्रपिंडाचा संसर्ग: सीटी कधी, एमआरआय कधी, आणि चिठ्ठीवर काय लिहायचं

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं आणि लघवीत पू-पेशी, एवढ्यावर निदान होतं. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयातून पेशंटला यवतमाळ-नागपूरला सीटीसाठी धाडू नका. लघवी कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवा, अँटिबायोटिक सुरू करा. ७२ तासांनीही ताप हटला नाही तर स्कॅन. मधुमेह, मुतखडा, एकच मूत्रपिंड किंवा घसरता रक्तदाब असेल तर मात्र तेवढं थांबायचं नाही.

आधी सोनोग्राफी. ती नॉर्मल आली म्हणजे संसर्ग नाही असं नव्हे. पण ताप असून मूत्रपिंड फुगलेलं दिसलं, तर लघवीची वाट अडून पू साचलाय असं धरा आणि त्याच दिवशी युरॉलॉजिस्टकडे पाठवा. नळी टाकून वाट मोकळी केल्याशिवाय नुसत्या औषधानं भागत नाही.

सीटीच्या चिठ्ठीवर नुसतं 'पोटदुखी' लिहिलं की तपासणीही तशीच मोघम होते. तापाचे दिवस, चालू औषधं, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि शंका गळूची की खड्याची, हे लिहाच. खडा आणि हवा कॉन्ट्रास्टशिवायच्या (शिरेतून रंगद्रव्य न देता केलेल्या) फेरीत दिसतात. संसर्ग कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण ९० ते १०० सेकंदांनी उठून दिसतो: पाचरीच्या आकाराचे काळपट पट्टे. त्याआधीच फोटो काढले तर ते निसटतात. गळू मध्ये काळं, भोवती उजळ कडं. मधुमेही पेशंटच्या मूत्रपिंडात हवा दिसली तर रिपोर्टची वाट न पाहता फोनवर कळवायला रेडिओलॉजिस्टला सांगा.

मे महिन्यात शेतातून आलेला, उलट्या झालेला पेशंट कोरडा पडलेला असतो. आधी सलाइन, मग कॉन्ट्रास्ट. ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाज) ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्ट खरंच हवा का, हे रेडिओलॉजिस्टशी बोलून ठरवा. दिलाच तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी ४८ तास बंद, आणि क्रिएटिनिन पुन्हा पाहूनच सुरू.

गरोदर बाईला एमआरआय, तोही गॅडोलिनियमशिवाय (एमआरआयच्या कॉन्ट्रास्टशिवाय). डिफ्यूजनच्या (पेशींमधल्या पाण्याची हालचाल टिपणाऱ्या) चित्रात संसर्गाचा भाग आणि पू दोन्ही चमकतात. खडा आणि हवा मात्र इथे सहज हुकतात. धाप लागलेल्या पेशंटला श्वास रोखता येत नाही, चित्रं हलतात. म्हणून आधी ताप उतरवा. पेसमेकर विचारा. घट्ट बसलेली जोडवी मशीनपाशी निघत नाहीत, ती इथून पाठवतानाच साबण लावून काढायला सांगा.

बरं वाटल्यावर लगेच पुन्हा सीटी नको. ते पट्टे ताप गेल्यावरही कित्येक आठवडे दिसतात, आणि घरचे उगाच घाबरतात.