मेगापिक्सेल सोडा, सेन्सर विचारा: रोजच्या वापराचा कॅमेरा कसा निवडावा

खोक्यावर मेगापिक्सेलचा आकडा ठळक छापलेला असतो. तो सगळ्यात शेवटी बघा. १२ मेगापिक्सेलच्या, म्हणजे ४००० × ३००० पिक्सेलच्या फोटोची १३ × १० इंची प्रिंट स्वच्छ निघते. फोर-के टीव्हीवर तर जेमतेम ८३ लाख पिक्सेल मावतात.

आधी सेन्सरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचं माप विचारा, कारण घरातल्या दिव्याच्या उजेडात फोटो कसा येणार हे बरंचसं त्यावरच ठरतं. १/२.३ इंची सेन्सर प्रत्यक्षात साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो. ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ × ८.८ मिलिमीटरचा. त्याची एकही बाजू इंचभर नसते, नाव तेवढं जुनं चिकटलेलं आहे. पण क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट. लेन्स बदलता येणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो तो एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा. हातात बरा फोन असेल, तर १/२.३ इंची कॅमेरा फक्त लांबच्या झूमसाठीच घ्यावा. एरवी फरक दिसणार नाही आणि पैसे वाया जातील.

झूमचीही एक गोम आहे. डिजिटल झूम हिशेबात धरूच नका, ते नुसतं फोटो कापून मोठा करणं असतं. ऑप्टिकल झूम खरा. पण लेन्सवरचा एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. तिथे एफ/२.८–६.३ असं लिहिलेलं असेल, तर पूर्ण झूम केल्यावर सेन्सरवर पडणारा प्रकाश पाचव्या हिश्श्यावर येतो. मग कॅमेरा शटर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि फोटो हलतो, नाहीतर आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता वाढवतो आणि फोटो दाणेदार होतो. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सांभाळतं, पळणाऱ्या मुलाला थांबवत नाही. त्यासाठी शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ उघडं हवं आणि तेवढ्या वेगाला प्रकाश लागतोच. मुलं, घरगुती समारंभ, संध्याकाळ हेच विषय असतील, तर ३० पट झूमपेक्षा एफ/१.८–२.८ची लेन्स कितीतरी उपयोगी.

दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. फ्लॅश बंद करा, आयएसओ ३२०० ठेवा आणि दुकानाचा अंधारा कोपरा टिपा. घरी मोठ्या स्क्रीनवर १०० टक्के आकारात उघडून केस, कापडाची वीण, बारीक अक्षरं बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळेच फोटो छान दिसतात!

सुरू केल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो, तेही पाहा. बाहेर उन्हात स्क्रीन दिसत नसेल तर व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी हवीच. लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यायचा असेल, तर लेन्स लावूनच वजन आणि जाडी जोखा. नुसती बॉडी बघून तो खिशात मावेल असं वाटतं आणि मग कॅमेरा कपाटातच राहतो.

वापरलेला कॅमेरा घेत असाल, तर लेन्स झाकून दोन-तीन फोटो काढा. काळ्या चित्रात रंगीत ठिपके प्रत्येक वेळी त्याच जागी दिसले, तर ते पिक्सेल बिघडलेले आहेत.

कार्डाच्या बाबतीत व्ही३० खूण पुरेशी आहे. ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहितं. १०० मेगाबिटच्या फोर-के व्हिडिओला साडेबारा लागतात. नवं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि एक जादा बॅटरी सोबतच घेऊन ठेवा.