व्यापाऱ्यांची जुनी अमेरिकन टोकने जमवताना या चुका टाळा

अमेरिकेच्या यादवी युद्धात लोकांनी नाणी दडवली, सुट्ट्या पैशांची टंचाई पडली आणि 1862 ते 1864 दरम्यान किराणा दुकानदारांपासून गुत्तेवाल्यांपर्यंत अनेकांनी आपल्या नावाची, सेंटाएवढी, सुमारे 19 मिलिमीटरची टोकने, म्हणजे सुट्ट्या नाण्यांऐवजी चालणारे बिल्ले, पाडून घेतली. ती जमवणाऱ्या नवख्यांच्या हातून त्याच त्या चुका होताना पाहून मन विटते.

सर्वांत घातक चूक घासण्याची. ओहायोत राहायला आल्यावर मी सिनसिनाटीच्या एका व्यापाऱ्याचे 1863 चे टोकन घेतले आणि आमच्या घरी पूजेचा तांब्या घासत तसे त्याला चिंच-मीठ लावले. सुमारे दीडशे वर्षांत चढलेली चॉकलेटी छटा पाच मिनिटांत गेली, खाली उघडे गुलाबी तांबे उरले आणि भिंगातून पाहिले तर टोकनावरच्या मुखवट्याच्या मुकुटातल्या पिसांवर घासल्याच्या रेघाच रेघा. गेलेली छटा कोणत्याही उपायाने परत येत नाही. आता मी टोकन रात्रभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवतो, तेलकटपणा असेल तर खिडकी उघडी ठेवून काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवतो आणि न पुसता वाळू देतो. हिरवा कळंक असेल तर भिजवून, भिंगाखाली, बांबूच्या काडीने. घाई असणाऱ्याने त्याला हातच लावू नये.

दुसरी चूक धातू न ओळखण्याची. एकाच ठशांच्या (दोन बाजूंच्या साच्यांच्या) जोडीतून तांबे, पितळ, तांबे-निकेल, क्वचित चांदीतही टोकने पाडली गेली आहेत. त्यांतली काही तर त्या वेळच्या संग्राहकांसाठीच होती. संग्राहक वापरतात त्या सूचीतल्या क्रमांकाचे शेवटचे अक्षर धातू सांगते, ‘ए’ म्हणजे तांबे, ‘बी’ म्हणजे पितळ, आणि किंमत बरेचदा त्या अक्षरावर ठरते. काळवंडलेले पितळ तांब्यासारखेच दिसते. पाण्यात तोलून घनता काढण्याचा झटपट उपाय इथे चालत नाही, कारण साडेतीन ग्रॅमच्या टोकनात तांबे आणि पितळ यांचा फरक दोन शतांश ग्रॅमच्या आसपास येतो. मी सकाळच्या उजेडात, खात्रीच्या दोन नमुन्यांशेजारी ठेवून, कडेचा रंग पाहतो.

मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत टोकने ठेवू नयेत. त्यांवर हिरवट चिकटा येतो.

1837 सालचे, सुमारे 28 मिलिमीटरचे टोकन यादवीच्या काळातले नसते. ते आधीच्या मंदीतले असते.

आणि दुर्मीळतेच्या श्रेणीत ‘आर-8’ म्हणजे पाच ते दहाच नमुने ज्ञात, एवढ्यावर पैसे मोजू नयेत. ठशांच्या अशा दुर्मीळ जोड्या शेकड्यांनी आहेत आणि त्या शोधणारे मोजके. म्हणून मी आधी व्यापारी आणि गाव पाहतो, मग अवस्था, आणि तो आकडा सर्वांत शेवटी.