चीनमधल्या ग्वांगझोऊत दुकान उघडताय? मग आदल्या आठवड्यात एवढं बघा

मुहूर्त तिथेही पंचांग बघूनच काढतात, पण वेळ ठरते ती आकड्याच्या उच्चारावर. सकाळचे 9:18 किंवा 10:18 धरा. आठाचा उच्चार भरभराटीच्या शब्दाजवळ जातो. 2008 चं बीजिंग ऑलिंपिक 8 ऑगस्टला रात्री 8 वाजता सुरू झालं ते उगीच नाही. चार मात्र मरणाशी जुळतो, तेव्हा तो लकी ड्रॉच्या कुपनांवरही नको.

मग सिंहनाचाचं पथक. शेजारचं फोशान हे या नाचाचं माहेर, तिथलं मिळालं तर उत्तम. एका सिंहात दोघं, एक डोक्याला आणि एक शेपटीला. सोबत मोठा ढोल, घंटाथाळी, झांजा. रंग विचारून घ्या. काळा सिंह झांग फेई या जुन्या चिनी सेनापतीचा, म्हणजे तापट. लाल त्याच्याच जोडीच्या ग्वान यूचा, आणि ग्वान यूला दुकानदार धनाचा देव मानतात. नवा सिंह असेल तर त्याचे डोळे रंगवायला कुंचला, लाल रंग आणि एक मानाचा पाहुणा तयार ठेवा.

सगळा खेळ मात्र सिंहाने दारावरचा लेट्यूसचा गड्डा तोडण्याचा. तिथल्या कँटोनीज बोलीत लेट्यूसला सांगचॉय म्हणतात आणि 'पैसा येवो' हेही जवळजवळ तसंच ऐकू येतं. गड्डा त्याच सकाळी ताजा घ्या, लाल दोऱ्याने बांधून दारावर टांगा, आत लाल पाकीट खोचा. पाकिटातली रक्कम 88 किंवा 188 युआन. ती पथकाच्या बिदागीत धरू नका. उंची पथकाच्या म्होरक्याला विचारा. मी एकदा शहाणपणा करून हाताच्या उंचीवर बांधला. सिंहाने उभ्याउभ्या अर्ध्या मिनिटात उरकला, लोकांचे मोबाईल खिशातून निघेपर्यंत खेळ संपला! पुढच्या वेळी पुढचा गडी मागच्याच्या खांद्यावर चढला, सिंहाने पानं फाडून दाराकडे भिरकावली, एक ओलं पान मालकाच्या चष्म्यावर चिकटलं. त्याने ते दुपारपर्यंत खिशात जपून ठेवलं.

फटाक्यांचा विचार सोडा, शहराने 1992 मध्येच बंदी घातली. लाल फुगे पायाखाली फोडा, नाहीतर विजेवरची फटाक्यांची माळ आणा. स्पीकर जपून: 2022 च्या ध्वनिप्रदूषण कायद्यानुसार दुकानाच्या जाहिरातीसाठी भोंगा सतत वाजवता येत नाही, आणि 7 ते 9 जूनला, कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेच्या दिवसांत, ढोलाचं नावच काढू नका. फुटपाथवर कमान किंवा मंच टाकायचा तर नगर-व्यवस्थापनवाल्यांची परवानगी आधी घ्या.

फुलांच्या टोपल्या दाराच्या दोन्ही बाजूंना, फितीवर पाठवणाऱ्याचं नाव रस्त्याकडे. उद्घाटनाची फीत कापायच्या कात्र्या मात्र पाहुण्यांइतक्याच मोजून ठेवा. एक कमी पडली की कोणाचा तरी चेहरा पडतो. आणि घरून येणाऱ्या मंडळींना आजच फोन करा: भिंतीवरचं घड्याळ भेट म्हणून आणू नका. 'घड्याळ देणं' आणि 'शेवटचा निरोप देणं' तिथे एकसारखंच ऐकू येतं. पेढे चालतील.