मांडवीवरच्या कॅसिनोतील एक रात्र कशी आखावी

कुडाळ, सावंतवाडी किंवा वेंगुर्ल्याहून पणजीचे कॅसिनो पाहायला निघणाऱ्यांनी आधी एक गोष्ट ठरवून घ्यावी: आपण खेळायला जात आहोत की जेवण, गाणी आणि नदीवरचा वारा यांसाठी? मांडवीतली जहाजे आता या दोन्ही गोष्टी एकाच तिकिटात देतात, पण दोहोंचा हिशेब अगदी वेगळा आहे आणि तो काउंटरवर उभे राहून मांडायला वेळ मिळत नाही.

ही सरमिसळ अलीकडची आहे. गोव्याच्या १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने पत्त्यांची व रूलेटची (फिरत्या चाकात चेंडू कोणत्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावण्याच्या खेळाची) टेबले जहाजांवर आणली. सुरुवातीचा ग्राहक हा मुळात खेळणारा होता. आज त्याच जहाजांवर बुफे, वाद्यवृंद, नृत्याचे कार्यक्रम, कंपन्यांच्या मेजवान्या आणि काही ठिकाणी मुलांसाठी वेगळी खोलीही असते, आणि टेबलाला हातही न लावता परतणारे पर्यटक कमी नसतात. पणजीला यातून रात्रीचा धंदा मिळाला आणि त्याबरोबर दयानंद बांदोडकर मार्गावरची शनिवारची वाहनकोंडीही. विरोधी पक्षात असताना मनोहर पर्रीकर यांनी या जहाजांविरुद्ध आंदोलन केले होते. पुढे त्यांच्याच सरकारच्या काळात जहाजांना मुदतवाढ मिळाली. महसूल सोडवत नाही, हे त्यामागचे सरळ कारण आहे. महाराष्ट्राने १९७६ सालीच स्वतःचा कॅसिनो कायदा केला होता, पण तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच करून टाकला. त्यामुळे सिंधुदुर्गातल्या माणसाला या हौसेसाठी पत्रादेवीची सीमा ओलांडावीच लागते.

वयाची अट २१ वर्षांची आहे, म्हणून मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. गोव्याच्या रहिवाशांना खेळाच्या दालनात प्रवेश नाही. हा नियम फेब्रुवारी २०२० पासून अमलात आला. आपल्याकडे निम्म्या घरांचे सोयरेसंबंध म्हापसा-पेडण्याशी असल्यामुळे याचा फटका अनपेक्षित ठिकाणी बसतो. सावंतवाडीचा आतेभाऊ आधार कार्ड दाखवून आत जातो आणि म्हापशाचा मामेभाऊ, ज्याने गाडी चालवत सगळ्यांना आणलेले असते, तो धक्क्यावरूनच परत फिरतो. तेव्हा गोव्यातल्या नातेवाइकांना सोबत घेण्याचा बेत असेल तर जेवणासाठी पणजीतले एखादे हॉटेल किंवा कॅसिनो नसलेली नौकाफेरी निवडावी. पुरुषांनी अर्धी चड्डी व चप्पल टाळावी. धक्क्यावर यावरून वाद घालून उपयोग होत नाही.

रेल्वेने येणाऱ्यांनी थिवी किंवा करमळी येथे उतरावे. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी ती पाटोच्या बहुमजली वाहनतळात ठेवून नदीकाठाने चालत जाणे सोयीचे, कारण धक्क्याजवळ जागा शोधण्यात अर्धा तास सहज जातो. जहाजे पात्रात नांगरलेली असल्यामुळे धक्क्यावरून छोट्या बोटीने त्यांच्यापर्यंत नेतात.

आता पैशांचे. तिकिटाच्या रकमेत बहुधा प्रवेश, जेवण, मद्य आणि काही कूपने धरलेली असतात. ही कूपने टेबलावर एकदा लावता येतात, पण त्यांचे रोख पैसे मिळत नाहीत. म्हणून तिकीट काढतानाच ‘यातले रोखीत वटणारे किती?’ असे स्पष्ट विचारावे. खरा खर्च मात्र चिप्स, म्हणजे टेबलावर पैशांऐवजी लावायच्या चकत्या, घेताना होतो. कॅसिनोवरचा वस्तू व सेवा कर १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. पाच हजारांच्या चिप्सवर कर वेगळा लावला तर खिशातून सात हजार जातात. तो ग्राहकाकडून कसा घ्यायचा हे प्रत्येक कॅसिनो आपापल्या परीने ठरवतो, त्यामुळे सांगितलेला भाव कर धरून आहे की सोडून, हा दुसरा प्रश्न.

या कराच्या दोन बारकाव्यांकडे सहसा लक्ष जात नाही. चिप्स न खेळता परत केल्या तरी त्यांवरचा कर माफ होत नाही, म्हणून ‘घेऊन तर ठेवू’ या हिशेबाने जास्तीच्या चिप्स घेऊ नयेत. उलट, जिंकलेली रक्कम न काढता तशीच पुढे खेळली तर तिच्यावर पुन्हा कर लागत नाही; मध्येच जाऊन रोख घेतली आणि अर्ध्या तासाने मन पालटून नव्या चिप्स घेतल्या, तर तोच कर दुसऱ्यांदा भरावा लागतो. म्हणजे काउंटरवर दोनदाच जावे, एकदा सुरुवातीला आणि एकदा निघताना.

टेबलावर किती जाते याचा अंदाज रूलेटवरून घेता येतो. एक शून्य असलेल्या चाकात ३७ खाचा असतात आणि एका आकड्यावर लावलेल्या पैशांचे ३५ पट मिळतात, त्यामुळे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे राहतात. चाकात दोन शून्ये असतील तर हेच प्रमाण सव्वापाच रुपयांच्या पुढे जाते. बसण्याआधी चाक नीट पाहावे ते यासाठी. दर फेरीला ५०० रुपये आणि तासाला ४० फेऱ्या धरल्या तर वीस हजारांचा खेळ होतो व एका शून्याच्या चाकावर सरासरी तोटा ५४० रुपयांचा येतो. पाच हजारांच्या चिप्सवरचा दोन हजारांचा कर याच्या शेजारी ठेवून पाहावा: साडेतीन तासांहून अधिक खेळून सरासरीने जे जाईल, ते चेंडू फिरण्याआधीच गेलेले असते. बॅकारा या पत्त्यांच्या खेळात दोन बाजूंपैकी ‘बँकर’ या बाजूवर लावणे सर्वांत कमी तोट्याचे, तर ‘टाय’वर, म्हणजे बरोबरीवर, लावणे जवळजवळ दान करण्यासारखे आहे. अंदर-बाहर खेळायला सोपे वाटते, कारण चतुर्थीच्या जागरणात पत्ते कुटलेला प्रत्येक हात त्याला सरावलेला असतो. पण घरच्या पत्त्यांत बाजूला बसून टक्का काढणारा कोणी नसतो.

मोठी रक्कम जिंकल्यास तिच्यावर सपाट ३० टक्के आयकर आणि वर उपकर लागतो, शिवाय आधी हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. एवढ्या सगळ्यानंतर माझे मत असे आहे की पहिल्यांदा जाणाऱ्याने चिप्स घेऊच नयेत. तिकिटातली कूपने खेळून पाहावीत, जेवावे, आणि वरच्या डेकवर जाऊन समोरच्या बेतीच्या काठावरचे दिवे पाहावेत. परतल्यावर भ्रमणध्वनीवर ‘तोच खेळ घरबसल्या’ देणारी अॅप दिसली तर ती उघडू नयेत. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांवर खेळले जाणारे ऑनलाइन खेळ बेकायदा ठरवले आहेत.

तिकिटात मद्य असल्यामुळे रात्रीच परतायचे असेल तर न पिणारा चालक आधीच ठरवावा, नाहीतर पणजीतच मुक्काम करावा. येताना गोव्यातल्या बाटल्या डिकीत टाकण्याचा मोह अनेकांना होतो. महाराष्ट्रात त्या परवान्याशिवाय आणता येत नाहीत, आणि इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर सापडल्या तर बाटल्यांसोबत गाडीही जप्त होऊ शकते.